सलईची सोयरीक

जंगलात कुठलंही झाड दिसलं की बीवाले चाचा आधी विचारायचे, "याचं सोयरं कुठं हाये?" झाडाचं वय, लाकूड, उंची यांची त्यांना फिकीर नसे. ज्याच्या जातीचं दुसरं झाड आसपास दिसत नसे, त्याच्या बीला ते हात लावत नसत. डोंगरातून बिया वेचून रोपवाटिकांना द्यायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. अकोल्याजवळचं सगळं पातूर गाव त्यांना बीवाले चाचाच म्हणे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि सलई या डिंकाच्या रानझाडावर संशोधन करत होते. कुणीतरी नाव सुचवलं म्हणून चाचांना वाटाड्या म्हणून सोबत घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थकवलं. एका झाडाखाली मूठभर बी वेचायचं, मग अर्धा कोस चालून दुसऱ्याखाली मूठभर. रस्त्याकडेला एक झाड फळांनी लगडलं होतं. मी म्हटलं, "चाचा, इथंच पोतं भरेल की."

"भरन ना. मंग साऱ्या रोपवाटिकेत एकाच मायची लेकरं. उद्या त्यायचीच आपसात लग्नं. असं चालते का कुठं?"

हेच मी वर्गात तासभर फळ्यावर आकृत्या काढून शिकवत असे आणि मुलं पेंगत असत.

पातूरच्या अलीकडे एका खडकाळ टेकडीवर सलईची चाळीसेक झाडं होती. दर वर्षी फुलायची, थोडी फळं धरायची, पण फळं पोकळ. मी कारण शोधत होते. चाचा म्हणाले, "म्याडम, पाहा. साऱ्यायची पानं संगच गळतात, साऱ्यायले फूल संगच येते. हे चाळीस झाडं नाईत. एकच हाये."

मी हसले, पण पानं प्रयोगशाळेत पाठवली. काही महिन्यांनी उत्तर आलं. चाचांचं बरोबर होतं. कधीकाळी तिथलं रान तुटलं, एकाच सलईची मुळं जिवंत राहिली आणि त्या मुळांतून हे सगळे फुटवे वर आले. सलईला स्वतःचा पराग चालत नाही, परक्या झाडाचाच लागतो. पूर्वी तो पलीकडच्या मोठ्या डोंगरावरून मधमाश्या आणत. त्यांची मोहोळं मधल्या कड्याला लटकलेली असत. तो कडा खाणीत गेला, माश्याही गेल्या. सलईच्या बीला पंख असतो, पण वारा ते फार लांब नेत नाही. म्हणजे त्या टेकडीवर आता कुणी येत नव्हतं आणि तिथून कुणी जातही नव्हतं.

"हे सगळं अहवालात लिहिते," मी म्हटलं.

"लिहून काय होते? माश्या नाईत तं आपण नेऊ."

पहिल्या वर्षी चाचांनी पहाटेच मोठ्या डोंगरावरच्या सलईची फुलं तोडली, फडक्यात बांधली आणि एसटीनं आणली. टेकडीवर पोचेपर्यंत ती काळी पडली होती. आठवडाभर आम्ही तेच केलं. एकही फळ भरलं नाही. घरी माझ्या सासूबाई आजारी, कॉलेजात रजा संपलेली, वर फेब्रुवारीतच पेटलेलं ऊन. मी म्हटलं, "चाचा, सोडून देऊ."

"तुमी द्या," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. खरंच मला मोकळं केल्यासारखं म्हणाले. त्यामुळेच मला सोडता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जावयाची मोटारसायकल मागून घेतली. फुलं ओल्या फडक्यात, फडकं स्टीलच्या डब्यात. ऊन चढायच्या आत आम्ही टेकडीवर. झाडाला शिडी लावायची, एक फूल दुसऱ्याला अलगद टेकवायचं, त्या डहाळीला दोरा बांधायचा. मान धरेपर्यंत हेच. मे महिन्यात दोरे बांधलेल्या डहाळ्यांवर फळं टपोरली. चाचांनी एक फोडलं, बी दाताखाली धरून चावलं. मग म्हणाले, "भरलं."

त्या बियांची रोपं त्यांनी परसात वाढवली. पुढच्या पावसाळ्यात आम्ही ती टेकडीवर लावली आणि तिथं माझा प्रकल्प संपला. अहवाल कुठल्यातरी कपाटात गेला. मी परीक्षा, बैठका, पेपर तपासणी यांत अडकले. चाचा मात्र प्रत्येक उन्हाळ्यात पाण्याच्या कॅन घेऊन चढत राहिले. एकदा फोनवर मी विचारलं, "या वयात कशाला जाता चाचा?"

"सोयरीक जुळवली मनल्यावर पोरगी नांदून राहिली का नाई, ते पाहा लागते."

पुढं त्यांचे गुडघे गेले, मग नजर गेली. मुलगी शबाना त्यांना अकोल्याला घेऊन गेली. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. ते कूलरसमोर खाटेवर पडून होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि तब्येतीचं काही न बोलता विचारलं, "किती हायेत?"

मी आदल्याच दिवशी टेकडीवर जाऊन आले होते. वणवा लागून गेला होता, बहुतेक रोपं जळाली होती. खोटं बोलावं असं फार वाटलं. शबाना दारात चहा घेऊन उभी होती, तीही माझ्याकडे बघत होती.

"तीन," मी म्हटलं.

चाचांनी बोटांवर तीन मोजले. मग म्हणाले, "तीन चालते. एक नसावं."

ते पावसाळ्यात गेले. शबानाचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या कामावर होते. उठून व्हरांड्यात गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन बसले. पेपर संपायला दीड तास होता.

त्या तिघांना फूल यायला अजून कितीतरी वर्षं लागतील. तेवढी माझ्याकडे असतील असं वाटत नाही. गुडघे माझेही बोलायला लागलेत. तरी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला अकोल्याची बस धरते, तिथून पातूरची. पाण्याची कॅन घेऊन टेकडी चढताना तीनदा बसावं लागतं.