जालन्याच्या वाटेवरचं पाणी

चौऱ्याऐंशी साली मी टेंभुर्णी सोडली तेव्हा अण्णा मला जालन्यापर्यंत पोचवायला आले. एसटीत खिडकीजवळची जागा मला दिली आणि स्वतः ट्रंक पायांत धरून बसले. पोरगी एकटी पुण्याला छापखान्यात नोकरीला चालली, याचं त्यांना काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं ते कवींविषयी. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि कुठूनही सुरुवात केली तरी दहा मिनिटांत कवींवर यायचे.

हे कवी आमच्याच गावचे. शंभरेक वर्षांपूर्वी पुण्याला गेले, तिथे साप्ताहिक काढलं, कविता लिहिल्या आणि पुढे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. आमच्या घरात मात्र राहिले. कारण ते गाव सोडून निघाले तेव्हा त्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन जालन्यापर्यंत चालत गेले ते माझे खापरपणजोबा. दोघंच होते. वाटेत ऊन फार, विहिरी आटलेल्या, तेव्हा कवींनी आमच्या खापरपणजोबांच्या, म्हणजे महाराच्या, गाडग्यातलं पाणी मागून घेतलं आणि प्यायले. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातला देव्हारा गेला, पण कवी गेले नाहीत.

"ह्याच रस्त्यानं गेल्ते ते," अण्णा बाहेर बघत म्हणाले. "त्या काळात आपल्या हातचं पाणी पेला माणूस. हे बिलकुल इसरायचं न्हाई, माय."

जालन्याच्या स्टँडवर त्यांनी माझ्या हातात दोनशेपानी वह्यांचा गठ्ठा ठेवला. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात त्या साप्ताहिकाचे अंक आहेत असा त्यांना शोध लागला होता. दर रविवारी थोडं थोडं उतरवायचं, अंक पुरा झाला की पोस्टानं पाठवायचा. झेरॉक्स चालणार नव्हती. हातानं लिहिलं की मंग डोक्यात जातं, हे मास्तरांचं शास्त्र.

पुण्यात मी प्रूफरीडर झाले. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरायचं, त्यामुळे स्वभाव जरा तिरकस झाला, तो आजही आहे. डेस्क, शिफ्ट, डेडलाइन हे शब्द लवकर तोंडात बसले. 'करून राह्यले' म्हणायचं मी महिन्याभरात सोडलं. पेठेत एक खोली मिळाली. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं. घरमालकीणबाईंनी ते ऐकून समजायचं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं. बाई प्रेमळ होत्या. सणाला ताट पाठवायच्या, हळदीकुंकवाला बोलवायच्या. मी जायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात अण्णा न कळवता आले. दुपारची वेळ, दारात उभे, हातात पिशवी, शर्टाच्या खिशाला नेहमीचा निळा बिल्ला. बाई अंगणातच होत्या. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गावाकडचे आहेत, ओळखीचे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हाव, ओळखीचाच हाये," ते म्हणाले. "इकडं कामानं आल्तो. ह्यांच्या घरच्यांनी सामान देलं."

बाईंनी तांब्याभांडं आणलं. अण्णा पहाटेपासून एसटीत बसून आले होते, ओठ सुकलेले मला दिसत होते. "न्हाई, आत्ताच पेलो," म्हणाले. पिशवी पायरीवर ठेवली आणि मला म्हणाले, "बराय म्याडम, येतो."

मी त्यांच्या मागे गेले नाही. पिशवीत ज्वारीचं पीठ होतं, शेंगदाण्याची चटणी होती आणि रिकामी वही. पाणी का घेतलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. पुढेमागे बाईंना खरं कळलं, तर भांडं बाटवल्याचा बोल मला लागू नये म्हणून. मला त्या दिवशीची लाज अजून वाटते, आणि ती कमी होत नाही.

पुढच्या वर्षी एका रविवारी मी एकोणिसावा अंक उघडला. शेवटच्या पानावर संपादकांचा, म्हणजे कवींचाच, चार ओळींचा खुलासा होता. गाव सोडताना आपण महाराच्या हातचं पाणी प्यायलो, अशी आवई कुणी उठवली आहे, ती साफ खोटी आहे. तो इसम दहा पावलं मागे चालत होता आणि आपण जालन्यास तहानलेलेच पोचलो.

मी पुन्हा पुन्हा वाचला. जिथे काहीच घडलेलं नसतं तिथे कुणी खुलासा छापत नाही, एवढं छापखान्यात शिकले होते. रस्त्यावर दोघंच होते. माझे खापरपणजोबा जालन्याच्या पुढे कधी गेले नाहीत. मग ही गोष्ट पुण्यात सांगितली कुणी? कवींनीच. कुठल्यातरी बऱ्या क्षणी सांगून गेले असतील आणि मग घर, छापखाना, वर्गणीदार आठवून घाबरले असतील. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मी त्यांना चांगली ओळखत होते.

अण्णांना कळवलं, एकोणिसावा अंक फाटलेला आहे, वाचता येत नाही. त्यांचं उत्तर आलं, फाटला असंल तर असू दे, पुढचा पाठव. त्या दुपारचा उल्लेख त्या पत्रात नव्हता, त्यानंतरच्या कुठल्याच पत्रात नव्हता. नव्व्याण्णव साली ते गेले. तोवर वस्तीत त्यांनी वाचनालय उभं केलं होतं आणि पाटीवर कवींचं नाव घातलं होतं. तुम्ही वाचनालयाची मंडळी दरवर्षी तिथे मुलींकडून ती पाण्याची गोष्ट वदवून घेता. यंदा मी येऊन ती सांगावी असं तुमचं पत्र आलं आहे.

मी येत नाही. माझ्याऐवजी हे वाचा. आज माझा स्वतःचा फ्लॅट आहे, दारावर पूर्ण नाव आहे, आणि आत बुद्धाची मूर्ती आहे ती येणाऱ्याला दिसेल अशी. तरी त्याला घर म्हणताना जीभ अडखळते. घर म्हणजे जिथे आपली माणसं आपली म्हणून दारात उभी राहू शकतात, एवढंच मला आता कळतं. तसं घर मला अण्णांनी दिलं होतं. मी त्यांना एक दुपारभरही देऊ शकले नाही.

कवींचा खुलासा हातानं उतरवून सोबत पाठवते आहे. पाटी ठेवायची की काढायची, ते वाचून तुम्ही ठरवा. आणि शेजारी माझाही खुलासा लावा. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुण्यात माझ्या दारात आलेले गृहस्थ गावाकडचे ओळखीचे नव्हते. ते माझे वडील होते. त्यांना तहान लागली होती.