शाळेच्या आमटीतलं मीठ

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितलेली नाही. आमच्या हायस्कूलच्या गणपतीत, पंगतीच्या आमटीत मीठ जास्त झालं, ते मी घातलेलं होतं. नाव झालं नववीतल्या एका मुलीचं, आणि मी ते होऊ दिलं. मिठाएवढी गोष्ट, असं कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत काढत आलो.

मी गणिताचा मास्तर. घर बारामतीत, नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात, रोज एसटीनं जाणं-येणं. त्या वर्षी गृहकौशल्याच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी येईना. नववीला एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे: शेती, वायरिंग, नाहीतर हे गृहकौशल्य, म्हणजे स्वयंपाक, शिवण आणि ‘कुटुंबजीवन’. मुख्याध्यापकांचं बोट वेळापत्रकावरून फिरत फिरत माझ्यापाशी थांबलं. “तुमचे तास कमी दिसतायत, सर.” मी काही बोललो नाही. न बोलणं हा माझा जुना स्वभाव. लोक त्याला सज्जनपणा समजतात.

पहिल्या तासाला रुमालाची कड कशी दुमडून शिवायची ते दाखवायचं होतं. रुमाल मांडीवर घेतला, शिवला, “टाके बारीक हवेत आणि एकसारखे हवेत,” असं सांगत उठलो, तर रुमाल माझ्याबरोबर उठला. पँटीलाच शिवला गेला होता. वर्ग हसून लोळला. मागच्या बाकावरून शेरा आला, “सर, टाकं मातुर एकसारखं पडल्यात.”

वर्गात मुलगेही बरेच होते. या विषयाचं प्रात्यक्षिक खाता येतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. ‘कुटुंबजीवन’च्या तासाला मी विचारलं, घरातली कामं कोण कोण वाटून घेतं? एकजण तटकन उभा राहिला. “आमच्यात समदी वाटून घेत्यात, सर. आज्जी सांगती, आई करती, आन् बा बघतो.” त्या तासाला पुढं शिकवण्यासारखं काही उरलंच नाही.

आणि ती मुलगी. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकून ऊस लावला, दोन म्हशी घेतल्या. वर्गात मी फळ्यावर वाट्या-चमच्यांची प्रमाणं मांडायचो आणि ती माझ्याकडं बघून गालात हसायची. तव्यावर नुसता हात धरून “अजून न्हाय तापला” म्हणायची. बारावीनंतर पुण्याला हॉटेलात स्वयंपाक शिकवतात तो कोर्स करायचा, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

तिच्या वडिलांना ते पटेना. ते एकदा शाळेतच आले. त्यांना सगळं गाव तात्या म्हणे.

“मास्तर, सैपाक शिकाया शाळा कशापायी? आमच्या घरी चूल हाय की!”

“तात्या, हे निराळं असतं. मोठ्या हॉटेलात चांगली नोकरी लागते.”

“व्हय, पर हिचं रांधलेलं हाटेलातली माणसं खात्याल का, ते कुठं ठावं हाय?”

“मंग गणपतीच्या जेवणाला या,” पोरगी दारातून म्हणाली. “समदं मीच करणार हाय. तुमीच सांगा खाऊन.”

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “ठरलं. पहिल्या पंगतीला बसतो. गावानं चांगलं म्हटलं तर धाडतो पुण्याला. न्हाय तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाय.”

हे माझ्यासमोर ठरलं. त्या आमटीवर काय अवलंबून आहे ते मला पक्कं माहीत होतं.

गणपतीच्या जेवणाला आमच्याकडं लापशी, भात, वांग्या-बटाट्याची भाजी आणि आमटी. आमटीचं पातेलं एवढं मोठं, की ढवळायला बाकावर उभं राहावं लागे. आणि एक नियम अगदी कडक: नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव बघायची नाही. बोटसुद्धा लावायचं नाही. मीठ-तिखट सगळं हाताच्या अंदाजानं. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं, त्यामुळं त्यात कुणाला धोका वाटत नसे.

माझी एसटी त्या दिवशी उशिरा आली. मी पोचलो तेव्हा आमटीला रटरट उकळी होती, नुकत्याच घातलेल्या फोडणीचा वास गेटपर्यंत आलेला, आणि मुली पत्रावळ्या आणायला गेलेल्या. पातेल्याशेजारी मिठाची पिशवी होती, न फोडलेली. मी गणितवाला. पिशवी बंद, म्हणजे मीठ पडलेलं नाही. माणसं इतकी, माणशी मीठ इतकं, त्रैराशिक मनात मांडलं, पिशवी फोडली आणि ओतली.

पहिली पिशवी तिनं सकाळी डाळ शिजतानाच संपवली होती. ही दुसरी भाजीसाठी काढून ठेवलेली. रिकामी पिशवी मी सवयीनं चुलीत टाकली, आणि ती कुठंतरी हरवली असं समजून मुलींनी भाजीसाठी दुकानातून नवी आणली.

ती परत आल्यावर “मीठ घातलंस का गं?” एवढं विचारलं असतं तर निदान पंगतीआधी काही करता आलं असतं. पण शिक्षकानं विद्यार्थिनीला मीठ विचारायचं, हे मला कमीपणाचं वाटलं. शिवाय माझं उत्तर बरोबर आलेलं होतं.

नैवेद्य झाला. बाप्पानं तक्रार केली नाही. पहिली पंगत बसली, तात्या मधोमध. भातावर आमटी घेतली, कालवली, पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

“पोरी,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ह्यात उजनीचं पाणी वतलं तरी धरण खारं हुईल, पर आमटी आळणी व्हायची न्हाय.”

पंगत खदखदून हसली. मुख्याध्यापक धावत आले. “मीठ कुणी घातलं?”

“मी घातलं, सर,” ती म्हणाली. तिच्यापुरतं ते खरंच होतं.

मी पळी धरून शेजारी उभा. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण विषय माझा. आणि मी म्हणालो, “जाऊ द्या, होतं असं कधी कधी. लहान आहे.”

मीठ चुकून पडलं. हे वाक्य मात्र चुकून पडलं नाही. माझ्या चुकीची मी तिला माफी दिली, आणि ती मान खाली घालून “थँक्यू सर” म्हणाली.

पण पोरगी रडत बसली नाही. अर्धी आमटी दुसऱ्या पातेल्यात काढली, दोन्हींत आधण ओतलं, भाजीचे उरलेले बटाटे उकडून कुस्करून घातले, चिंच-गूळ वाढवला, नव्यानं फोडणी दिली. दुसऱ्या पंगतीनं आमटी वाटीनं ओरपली. “वाढा की हिकडं! ए पोरा, आमटी!” असा नुसता गलका. मी त्याच पंगतीला होतो. तशी आमटी मी आजवर खाल्लेली नाही. पण तोवर तात्या म्हशींच्या धारा काढायला घरी गेले होते, आणि त्यांच्यापुरता निकाल लागला होता.

पुणं राहिलं. तिनं बी.ए. केलं, लग्न झालं, आणि आता ती बारामतीत मेस चालवते. नवरा बाजार आणतो, भांडी घासतो, हिशेब बघतो. कॉलेजची पोरं आणि कंपन्यांतले कामगार रांग लावून जेवतात. मीही आठवड्यातून एकदा तरी जातो. माझ्या ताटात ती न विचारता जास्तीची भाकरी टाकते. “खावा सर, ही काय त्रैराशिकातली न्हाय.”

तिच्या हातचं सगळं उत्तम असतं, फक्त किंचित अळणी. प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी ठेवलेली असते. मी एकदा विचारलं तर हसून म्हणाली, “मिठाला हातच उचलत न्हाय, सर. गणपतीपासनं.”

तात्या आता थकलेत. दिवसभर गल्ल्याशेजारी लसूण सोलत बसतात आणि नव्या गिऱ्हाइकाला मोठ्या प्रेमानं सांगतात, “मीठ बघून घ्या, पाव्हणं. पोरगी समद्यात हुशार, पर मिठाला कच्ची. शाळेत आख्खी पंगत खारवली हुती!” गिऱ्हाईक हसतं, तीही हसते. मी ताटात बघत जेवतो.

गेल्या आठवड्यात मी ठरवून गेलो होतो. हात धुतला, तात्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. “तात्या, त्या आमटीचं एक सांगायचंय.”

त्यांनी मान वर केली. “आवडली का आजची?”

“आवडली,” मी म्हणालो, आणि घरी आलो.

आता लिहिलंय खरं, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. तिच्या देखत, तात्यांच्या तोंडावर, मेस भरलेली असताना मला सांगायचंय की पोरीचं मीठ बरोबर होतं, चूक माझी होती. ते अजून मी सांगितलेलं नाही.