सशाचा फिका कान

टीव्हीवर तो ससा दिसला की मला तिडीक येते. गोडगोड आवाज आणि दर भागात जगाला उपदेश. आता त्याची दप्तरं, डबे, चपलासुद्धा निघाल्यात आणि काल्हेरच्या गोदामांतून ट्रक भरभरून जातात. हा उद्धारकर्ता जन्मला कुठे, तर भिवंडीत आमच्या मधल्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनवर.

एक शेठ छापील कापडाचे ससे घरोघरी शिवायला द्यायचा. त्याचा कापणारा कारागीर जन्मभर लूमवरचं कोरं कापड हाताळलेला. कोऱ्या कापडाला उलट-सुलट काही नसतं. त्याने छापील कापडाचेही सगळे थर सुलट बाजू वर ठेवून रचले आणि कात्री चालवली. निम्मे थर पालथे घातले असते तर उजवे कानही निघाले असते; आईकडे गठ्ठा आला तो नुसत्या डाव्या कानांचा. माल परत पाठवला तर आठवडाभर हात रिकामे. मग तिने निम्मे कान उलटे करून उजवीकडे लावले आणि सशांचा उजवा कान फिका झाला. शेठ आधी तिच्यावर खेकसला. पोरं तोच ससा मागायला लागली, तेव्हा ही कल्पना आपलीच, असं सांगत सुटला.

पुढे त्याला कार्टून काढायचं सुचलं. फिक्या कानाला गोष्ट हवी होती आणि शेठची अक्कल बेताची, म्हणून तो शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आला. मी लिहून दिलं की चंद्राने कुरवाळला म्हणून तो कान फिका पडला. भिकार कल्पना. पण सशाच्या खोक्यावर छापून आली तेव्हा मी चार दिवस फुशारलो होतो. आईला दाखवायचं मात्र टाळलं.

परवा माझी मुलगी आजीला ही चंद्राची गोष्ट सांगत होती. आई म्हणाली, तो कान मी लावलाय, कापड उलटं आहे म्हणून तसा दिसतो. पोरीने खोका आणून वाचून दाखवला आणि आजी थापा मारते, असं तोंडावर सांगितलं.

आईने माझ्याकडे बघितलं. "तू होतास ना रे तेव्हा घरात? सांग तिला."

इतकी वर्षं शेठला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणत आलो. पण पोरीला खरं सांगायला गेलो असतो, तर खोक्यावरची ती ओळ माझी, हेही सांगावं लागलं असतं.

"असू दे ना आई आता," मी म्हणालो.

आईने पोरीकडून खोका घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग तो तिच्या हातात परत देत म्हणाली, "असेल गं. चंद्रानेच केला असेल."