उन्हावर भरणारा कंडेन्सर

एक बोट वर करून तो म्हणायचा, "थांबा, भरून राहिला!" आणि वीस-पंचवीस दांडगे शिकाऊ कामगार श्वास रोखून मीटरच्या काट्याकडे बघत बसायचे.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही दोघं तिथल्या प्रशिक्षण शाळेत वीजकाम शिकवायचो. मी पदवीधर. तो रेल्वेच्या तारखात्यातून आलेला, मॅट्रिकही नसलेला. मला सगळे 'सर' म्हणत, त्याला 'काका'. तुम्ही कुठे नोकरी केली असेल, तर या दोन शब्दांतलं अंतर तुम्हाला सांगायला नको.

एका रशियन इंजिनिअरनं त्याला मोडक्या लाइट-मीटरमधली सेलेनियमची चकती दिली होती. ऊन पडलं की ती चिमूटभर वीज द्यायची. ती खिडकीत ठेवून तो वीज साठवणारा कंडेन्सर भरायचा. काटा आधी भराभर चढे, मग रेंगाळे. "पोट भरत आलं की घास हळूहळू जाते," तो म्हणे. मग चकती सोडवून भरलेल्या कंडेन्सरला तेवढाच एक रिकामा जोडायचा. काटा बरोबर निम्म्यावर! "अर्धं याले, अर्धं त्याले." वर्गात टाळ्या. हेच मी फळ्यावर सूत्रं मांडून शिकवायचो, तेव्हा मागच्या बाकांवर जांभया.

एकदा मोठे साहेब वर्ग बघायला येणार होते. माझा नव्हे, त्याचा. आदल्या दिवशी मी तो रिकामा कंडेन्सर बदलून ठेवला. दिसायला तसाच, क्षमता मात्र चौपट.

साहेबांसमोर काटा निम्म्यावर थांबला नाही. पार पाचव्या हिश्श्यावर उतरला. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. त्यानं कंडेन्सर उचलला, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचे आकडे वाचले आणि हसला.

"पोरांनो, आज पंगतीले मोठ्या पोटाचा पाहुणा आला. याचं पोट चौपट, म्हणून वाटाही चौपट. पाचातले चार यानं नेले, पहिल्याजवळ एकच राह्यला!"

साहेबांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर तो माझ्याजवळ आला. "सर, तुमीच बदलवला न?"

मी टेबलावरच्या तारा गुंडाळू लागलो.

"बेस केलं. मले हे सुचलंच नव्हतं. आता दरेक बॅचले असंच दाखवीन."

तो रागावला असता तर मी माफी मागितली असती. त्यानं तीही सोय ठेवली नाही.

पुढे तो नोकरी सोडून नागपूरला गेला. बऱ्याच वर्षांनी भिलाईतच, सिविक सेंटरात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला; आता फोरमन झालेला. वाकून नमस्कार करत म्हणाला, "सर, काका गेले. मागच्या महिन्यात." आणि भर बाजारात, हातातली भाजीची पिशवी तशीच धरून, तो हुंदके देऊ लागला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि, सांगायला लाज वाटते, मनात शोधत राहिलो की माझ्यासाठी असं कोण रडेल. एकही चेहरा समोर येईना. मग मलाही रडू फुटलं.

तो बिचारा आपले डोळे पुसून मलाच समजावू लागला, "सर, सावरा. तुमचा तं लय जीव होता त्यांच्यावर."