चिकटवलेला गज आणि वेल्डिंगची आच

...तर दादा, पुन्हा तेच. दिलेलं काम करावं, नाक खुपसू नये... तुझं हे वाक्य आता मला पाठ झालंय. सटाण्याचं गॅरेज त्याच खोडीपायी सुटलं, मान्य. पण हे आधी ऐक, आपल्या पोरांनाही वाचून दाखव, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

इथे नाशकात द्वारका चौकाच्या पुढे एका गोदामाचं काम चाललंय. खांब सिमेंटचे, साच्यात ओतून तयार आणलेले. तुळई जिथे टेकते तो भाग चार खांबांचा फुटला.

दुरुस्ती अशी, की खांबाला भोकं पाडायची, दोन डब्यांतला चिकट लगदा कालवून त्यात लोखंडी गज बसवायचे, आणि सुकल्यावर गजांना जाड पट्टी वेल्ड करायची. वेल्डिंग माझ्याकडे.

पहिली पट्टी लावली आणि भोकातून वास आला. केस जळल्यासारखा... ठिणगी बाहेर, लगदा आत. मग जळतंय काय?

मुकादम नानांच्या कानावर घातलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी गजावर घण मारून पाहिला. हलला नाही. "लय शहाणा झालास. तू वेल्डर हाय का साहेब? परत बोललास तर गाठोडं बांध."

पण मला चैन पडेना. त्या पट्टीवर तुळई येणार, आणि खालून हमाल दिवसभर पोती वाहणार. जेवणाच्या सुट्टीत खांबाचा एक फुटका तुकडा घेतला, कुणाला न विचारता लगदा कालवून त्यात गज बसवला. दोन दिवसांनी तसंच वेल्डिंग केलं आणि तुकडा फोडला.

तळाशी लगदा मधाच्या रंगाचा, दगडासारखा. तोंडाकडे मात्र चार बोटं काळा, नखाने भुगा होत होता... चुलीवर उलथन्याची मूठ तापते ना, तशी आच गजातूनच आत गेली होती. निम्मा गज नुसताच भोकात उभा.

तुकडा नानांपुढे ठेवला. बराच वेळ नखाने कोरत बसले. मग स्वतःच जाऊन साहेबांना घेऊन आले.

आता पट्टी गजांना आधी वेल्ड करतो, गार होऊ देतो, आणि मग सगळं मिळून भोकांत बसवतो. पहिल्या खांबाची पट्टी कापून काढली, नवी भोकं पाडली.

नाना म्हणाले, "न विचारता माल वापरला, दोन दिवसांची हजेरी कापणार. काम सोडून जाऊ नको पण."

म्हणून मनिऑर्डर या खेपेला शंभराऐवजी सत्तर रुपयांची.