खताच्या बादलीतली ऊब

ओल्या कचऱ्याचं खत करायला मी विरजण मागवलं, ते प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून कुरिअरने आलं. "वाचली बाई पृथ्वी!" नवरा हसला. मला राग आला, कारण त्याचं खरं होतं.

आज बऱ्याच महिन्यांनी गॅलरीतल्या त्या बादलीत हात घातला आणि तसाच ठेवला. आत ऊब होती, झोपलेल्या बाळाच्या पाठीसारखी. विमानाने आलेल्या सफरचंदाची सालं, देवावरचं निर्माल्य, माझ्या आळसाने सडलेली मेथी. बादलीने कशालाही नाक मुरडलं नव्हतं. सगळ्याची एकच काळीभोर, रानाच्या वासाची माती झाली होती.

तळाशी बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. कुरिअरच्या पिशवीचा तुकडा. माती पुसली, तर त्यावर माझं नाव, अजून स्वच्छ वाचता येणारं.