सोवळ्यातलं दगडफूल

दगडांना इतका जीव लावणारा माणूस सबंध पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि तो नेमका माझाच साडू निघाला. बारामतीच्या एका कॉलेजात ते वनस्पतीशास्त्र शिकवत, पण ऊस-द्राक्षं असल्या लाडावलेल्या पिकांशी त्यांचं कधी जमलं नाही. सगळा जीव दगडफुलावर. म्हणजे तेच, जे आपण काळ्या मसाल्यात भाजून घालतो. सासूबाईंनी मसाल्याचा घाट घातला की हे गृहस्थ परातीसमोर बसून एकेक तुकडा भिंगाखाली धरायचे आणि सुतकी चेहऱ्यानं म्हणायचे, "किती उन्हाळे काढून हे एवढंसं वाढलं असेल, आणि तुम्ही त्याची आमटी करणार." त्या आमटीच्या दोन वाट्या मात्र न चुकता प्यायचे. देवाधर्मावर काडीचा विश्वास नाही, त्यामुळे देवळात गेले तरी गाभाऱ्याकडे पाठ करून भिंती न्याहाळणार. माझ्या लग्नात मांडवाबाहेरच्या दगडी कट्ट्यावर त्यांनी कुणाला टेकू दिलं नाही. मुलीचे काका अक्षता पडेपर्यंत बिचारे उभेच होते.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांना इंदापूर तालुक्यात, कळसच्या माळावर, एका खडकावर पिवळंधमक दगडफूल सापडलं. हे खरं डोंगरमाथ्यावरचं, गार हवेतलं, आणि तिथूनही नाहीसं होत चाललेलं, असं ते सांगत. मग ते या रखरखीत माळावर काय करतंय, या विचारानं त्यांना जेवण जाईना. आसपासचे सगळे खडक पालथे घातले, दुसरं काही सापडेना. तेव्हापासून दर रविवारी मोपेडवरून कळस. खडकावरचं बारीकसारीक तुडवलं जाऊ नये म्हणून चपला लांब काढायच्या, ओणवं होऊन कपाळ टेकेल इतकं जवळ भिंग न्यायचं, ड्रॉपरनं पाण्याचे थेंब सोडायचे, आणि ते भिजून हिरवट झालं की डोळे मिटून मान डोलवायची. आता हे सगळं लांबून बघणाऱ्यानं दुसरं काय समजावं, तुम्हीच सांगा.

तो माळ ज्यांचा, ते तात्या पूर्वी मेंढरं राखायचे, आता उसात रमले होते. एका रविवारी मीही साडूंबरोबर गेलो होतो, तर तात्या चार माणसं घेऊन खडकाशी हजर. हातातल्या वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. साडू पांढरेफटक पडले, कारण शेंदराचा थर बसला की तालुक्यातलं ते एकुलतं एक दगडफूल संपलंच. त्यांनी जीव तोडून सांगितलं की हा देव नव्हे, बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार आहे. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवाला बुरशीचं काय वावडं, आणि मास्तरांसारखा शिकलेला माणूस उगाच दगडापुढं वाकेल होय? त्यांनी शेंदरात बोट बुडवलं.

"थांबा तात्या," साडू म्हणाले. "याला शेंदूर चालत नाही."

"कुणी सांगितलं?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि खडकाकडे बोट केलं. "यानंच."

"मग काय चालतंय?"

"थेंबभर पाणी. आणि लांबून बघायचं. हात लावायचा नाही."

तात्यांनी शेंदराचं बोट वाटीच्या काठाला पुसलं. मग म्हणाले, "सोवळ्याचा देव हाय म्हणा की." आणि कालवलेला शेंदूर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो शेजारच्या दगडाला लावून टाकला.

झालं. जन्मभर उदबत्तीलाही नाकं मुरडणारा माझा साडू कळसचा पुजारी झाला. लोक पावसापाण्याचं विचारू लागले, वर्षातून एकदा त्यांना फेटा बांधून नारळ देऊ लागले. ते ओशाळून घ्यायचे, पण एकही रविवार चुकवला नाही. मेहुणी हसून हसून बेजार व्हायची.

साडू फार लवकर गेले. त्यानंतर मी कळसला गेलो. शेजारच्या दगडावर शेंदराचा जाड लेप चढला होता, आणि हा खडक तसाच उघडा, पिवळा. न राहवून मी हात पुढं केला.

"पावनं, लांबून," मागून तात्या म्हणाले. मग माझ्या शेजारी येऊन, चपला काढून उभे राहिले. "नखाएवढं वाढलंय बगा. मास्तरास्नी दावायचं हुतं."

मला एकदम साडूंची फार आठवण आली. मीही चपला काढल्या.